नवाब मीर उस्मान अली खान

आपल्या जिल्ह्यास कित्येक वर्षें उस्मानाबाद असें नांव होतें. २०२३ सालीं धाराशिव हें जुनें नांव पुन्हा रूढ झालें. परंतु ज्या पुरुषावरून उस्मानाबाद हें नांव पडलें, तो कोण होता, आणि त्याचें अफाट वैभव कसें लयास गेलें, हें आपण जाणून घेतलें पाहिजे.

हैदराबादचे सातवे व अखेरचे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांचा जन्म १८८६ सालीं झाला. त्यांचे वडील महबूब अली खान हे उदार अंतःकरणाचे, पण फार खर्चिक होते. त्यांच्या पोशाखांचीं दुमजली कपाटें हैदराबादच्या पुरानी हवेलींत एका लांबच लांब दालनभर पसरलेलीं आहेत. १८९१ सालीं त्यांनीं ‘जेकब’ नांवाच्या प्रचंड हिऱ्याचा लाखों रुपयांचा सौदा केला, आणि त्याचा तंटा थेट कलकत्त्याच्या न्यायालयांत गेला.

१९११ सालीं उस्मान अली गादीवर आले. त्यांचा स्वभाव पित्याच्या अगदीं उलट. अंगांत साधे, जुनाट कपडे व डोक्यावर मळकी टोपी. आणि पित्याचा तो अमोल हिरा त्यांनीं मेजावरील कागद दाबण्याकरितां वापरला असें सांगतात. तरी १९३७ सालीं अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकानें त्यांस जगांतील सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हणून गौरविलें. त्यांच्या हातून चांगलीं कामेंही झालीं, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. १९१८ सालीं त्यांनीं उस्मानिया विश्वविद्यालय स्थापिलें, उस्मान सागर व निजाम सागर हे जलाशय बांधविले, आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेस महाभारताच्या प्रकाशनाकरितां साहाय्य केलें.

मग असें राज्य कां बुडालें? राज्याचा सुमारें दहावा हिस्सा ‘सर्फ-ए-खास’ म्हणजे निजामांची खाजगी मिळकत होती. तिचें उत्पन्न सरकारी तिजोरींत न जातां त्यांच्याच पदरीं पडे. आणखी मोठा मुलूख जहागीरदारांच्या हातीं होता. बहुसंख्य प्रजा तेलुगु, मराठी व कानडी बोलणारी, पण दरबाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. कर देणाऱ्या शेतकऱ्यास राज्यकारभारांत कांहींच बोलतां येत नसे. १९३८ सालीं स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वींच तिच्यावर बंदी घालण्यांत आली.

ह्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ हे एके काळीं आपल्याच जिल्ह्यांतील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत मुख्याध्यापक होते. दुसऱ्या बाजूस रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. आणि लातूर त्या वेळीं ह्याच जिल्ह्यांत होतें. १९४७ सालीं निजामांनीं स्वतंत्र राहण्याचा हट्ट धरला व रझाकारांस आवर घातला नाहीं. गांवें जळालीं, माणसें मारलीं गेलीं, कित्येकांनीं घरदार सोडून सोलापूरची वाट धरली. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्य सोलापुराहून निघून नळदुर्गांत शिरलें, आणि १७ तारखेस निजामांनीं शरणागति पत्करली. सव्वादोनशें वर्षांची सत्ता पांच दिवसांत संपली. पुढील दिवसांत सूडाच्या भरांत अनेक निरपराध मुसलमानांचे प्राण गेले, आणि त्यांतून आपला जिल्हाही सुटला नाहीं. तें दुःखही आपण विसरतां कामा नये.

निजाम १९५० पासून १९५६ पर्यंत राजप्रमुख होते, आणि २४ फेब्रुवारी १९६७ रोजीं मरण पावले. तो हिरा १९९५ सालीं भारत सरकारनें विकत घेतला. पिता-पुत्रांच्या पदरीं येऊन गेलेली ती वस्तु आज जनतेची आहे.

पित्यानें धन उधळलें, पुत्रानें सांठविलें. लोक एकास उदार व दुसऱ्यास कंजूष म्हणत. परंतु दोघांची चूक एकच. आपल्या हातीं असलेलें धन घाम गाळणाऱ्या प्रजेचें आहे व आपण केवळ त्याचे कारभारी आहों, हें ते विसरले. मित्रहो, राज्य आपल्या वांट्यास येणार नाहीं. पण बुद्धि, विद्या व वेळ हीं प्रत्येकास कमी-अधिक मिळालेलीं आहेत. त्यांचा हिशेब देवापुढें व माणसांपुढें आपणांसही द्यावा लागेल.