खेळपट्टी झाडणारा बाळू



मधल्या सुट्टीत आपल्या राहूसारख्या गावातल्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर जा. क्रिकेट चालू असणारच. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग हा नियम सगळीकडे सारखाच. गेल्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की आमच्या मैदानावर एक मुलगा रोज खेळात असतो, पण त्याच्या हातात बॅट कधी दिसत नाही. त्याचे आईवडील गुऱ्हाळावर कामाला. उसात गेलेला चेंडू आणायचा, विटांचे स्टंप रचायचे, हीच त्याची कामं. तुझी पाळी कधी, असं विचारलं तर तो नुसता हसला. त्या दिवशी चौथीच्या वर्गात मी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलं आणि बाळू पालवणकर यांची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

पालवणकर घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवण गावचं. जातीने चांभार. बाळूंचा जन्म धारवाडचा, पण वडील लष्करात नोकरीला असल्यामुळे बालपण पुण्यात गेलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूवर बाळू आणि त्यांचे भाऊ खेळायला शिकले. शिक्षण फार झालं नाही. घराला हातभार लावायचा म्हणून बाळूंनी पुण्यातल्या एका पारशी क्लबात नोकरी धरली. काम काय, तर खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि कधीमधी सरावाला चेंडू टाकायचे. पगार महिन्याला तीन रुपये.

पुढे 1892 च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबात लागले. पगार एक रुपयाने वाढला. जाळ्या बांधायच्या, टेनिसच्या मैदानाच्या रेषा आखायच्या आणि साहेब लोकांना तासन्‌तास गोलंदाजी करायची. ग्रेग नावाचा तिथला नामांकित फलंदाज आपल्याला बाद केल्यावर बाळूंना आठ आणे द्यायचा, असं सांगतात. खरंखोटं काहीही असो, त्या सरावातून एक फार मोठा डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. पण त्या क्लबात बाळूंना फलंदाजी कुणी करू दिली नाही. बॅट साहेबाची आणि चेंडू टाकणं नोकराचं, अशीच तिथली रीत होती.

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. त्यासाठी चांगला गोलंदाज हवा, आणि तो तर चांभाराचा मुलगा! बरीच चर्चा झाली आणि शेवटी बाळूंना संघात घेतलं. आता इथे मी वर्गात थांबते आणि मुलांना विचारते, की आता सगळं छान झालं असेल ना? मुलं जोरात हो म्हणतात. मग पुढचं सांगावं लागतं. मैदानावर बाळूंच्या हातातला चेंडू सगळ्यांना चालायचा. पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवणाचं ताटही वेगळं मांडायचे. तोच चेंडू, तेच हात, पण कपाला मात्र विटाळ! लहान मुलांना हे लगेच खटकतं. मोठ्यांना ते तेव्हा का खटकलं नाही, याचं उत्तर मात्र आपल्यालाच द्यावं लागतं.

1896 मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली. त्याच सुमारास बाळू मुंबईला गेले. तिथे आधी लष्करात आणि नंतर बी. बी. सी. आय. रेल्वेत त्यांनी नोकरी केली, आणि हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. मुंबईत तेव्हा संघ धर्माप्रमाणे होते. पारशी, युरोपियन आणि हिंदू, नंतर मुसलमानही आले. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता आणि त्यांचे धाकटे बंधू शिवरामही संघात होते. ज्यांनी राज्य केलं त्यांना त्यांच्याच खेळात हरवलं, म्हणून सगळीकडे आनंद झाला. एकत्र जिंकणारे खेळाडू हळूहळू एकत्र जेवायलाही बसू लागले.

1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात 114 बळी घेतले. लक्षात घ्या, तेव्हा त्यांनी पस्तिशी गाठलेली होती. भारताचा पहिला कसोटी सामना झाला 1932 मध्ये, म्हणजे त्यांचा खेळ संपल्यावर. त्यामुळे त्यांच्या नावावर एकही कसोटी नाही. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत 179 बळी, तेही प्रत्येकी साधारण पंधरा धावांत, एवढी त्यांची नोंद आहे.

एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं नाही. 1920 साली तर त्यांना संघातूनच वगळलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोन्ही भावांनी खेळायला नकार दिला आणि त्यामागचं कारण जाहीरपणे मांडलं. हा आमच्या जातीचा अपमान आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. लोकमत त्यांच्या बाजूने वळलं. पुढच्या सामन्यात बाळू उपकर्णधार म्हणून परतले. कर्णधार पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघ बाळूंनी सांभाळला. पुढे 1923 मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्याने खेळपट्टी झाडली, धाकट्याने संघ चालवला. मधे तीस वर्षं गेली.

नंतर बाळू राजकारणातही आले. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 च्या निवडणुकीत ते मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. त्यांना 11,225 मतं मिळाली, बाबासाहेबांना 13,245. हा भाग काही जण गाळतात. मी गाळत नाही. एकाच अन्यायातून गेलेल्या दोन माणसांचे मार्ग वेगळे असू शकतात, हे मुलांना कळायला हवं. 4 जुलै 1955 ला मुंबईत बाळूंचं निधन झालं. त्याआधी पाच वर्षं, संविधानाने अस्पृश्यता बंद झालेली त्यांनी पाहिली.

गोष्ट संपली तेव्हा वर्ग शांत होता. मी काही तात्पर्य सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलांनी स्वतःच चिठ्ठ्या टाकून बॅटिंगचे नंबर काढले. आमच्या त्या मुलाचा नंबर तिसरा आला. दुसऱ्याच चेंडूवर तो बाद झाला आणि नेहमीसारखा चेंडू आणायला पळाला. तेव्हा एका मुलीने त्याला थांबवलं आणि ती स्वतः उसात गेली.

पालकहो, मुलगा घरी आला की किती रन काढले हे आपण विचारतो. आज एक प्रश्न जास्तीचा विचारा. तुमच्या खेळात चेंडू कोण आणतं? आणि शिक्षक मित्रांनो, आपल्या वर्गात फळा रोज कोण पुसतं, झाडू कुणाच्या हातात असतो आणि स्नेहसंमेलनात माईक कुणाच्या, याची एकदा यादी करून बघा. मी केली. त्या यादीत माझ्याही चुका निघाल्या.