मैहरचे बाबा : उस्ताद अल्लाउद्दीन खाँ
(द्वितीय वर्ष, कला)

विद्या दिल्याने वाढते, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. संगीताच्या क्षेत्रात मात्र एके काळी ती तिजोरीतल्या धनासारखी जपली जाई. घराण्यातील खास विद्या मुलाबाळांना मिळे. बाहेरच्या शिष्याने वर्षानुवर्षे सेवा करावी आणि कानांवर पडेल तेवढ्यावर समाधान मानावे! ही तिजोरी पोरक्या मुलांसमोर उघडणारा महापुरुष म्हणजे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ.

आज बांगला देशात असलेल्या ब्राह्मणबारिया भागातील शिबपूर हे त्यांचे जन्मगाव. संगीताच्या ओढीने लहानपणीच त्यांनी घर सोडले आणि ते कलकत्त्यास आले. तेथे गोपालकृष्ण भट्टाचार्य यांच्याकडे गायनाचे शिक्षण सुरू झाले. बारा वर्षे केवळ स्वरसाधना करायची, अशी गुरूंची अट होती. ती पुरी होण्याआधीच गुरू निवर्तले. पण त्यांची ज्ञानाची भूक शमली नाही. हाबू दत्त यांच्याकडे ते अनेक वाद्ये शिकले आणि लोबो नावाच्या गोव्याच्या बँडमास्तरांकडून पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन.

पुढे मुक्तागाछाच्या जमीनदारांकडे अहमद अली खाँ यांचे सरोदवादन ऐकून ते भारावून गेले व त्यांचे शिष्य झाले. तेथून त्यांनी रामपूर गाठले. रामपूर दरबारचे बीनकार वझीर खाँ हे तानसेनाच्या वंशातले. त्यांच्यापर्यंत पोहोचता येईना, तेव्हा या तरुणाने नबाबांच्या गाडीसमोर स्वतःला झोकून दिले, असे सांगतात! नबाबांच्या शब्दामुळे गंडा बांधला गेला, तरी खरी तालीम मिळण्यास दीर्घकाळ वाट पाहावी लागली. अखेर विद्या मिळाली, पण बीन मिळाली नाही. ते वाद्य कुटुंबापुरतेच राखलेले होते. बीनेचे अंग त्यांनी सरोदवर उतरवले.

१९१८ मध्ये ते मध्य भारतातील मैहर संस्थानचे राजे ब्रिजनाथ सिंह यांच्या दरबारी आले. त्याच वर्षी इन्फ्ल्युएन्झाची साथ देशभर पसरली. आपल्याकडची जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत. मैहरमध्येही साथीने अनेक मुले पोरकी झाली. ना घराणे, ना अक्षरओळख! खाँसाहेबांनी अशा मुलांना जमवून त्यांच्या हाती वाद्ये दिली आणि एकेक स्वर गाऊन, वाजवून शिकवला. त्यांतून उभा राहिला प्रसिद्ध मैहर बँड. सतार, सरोद, इसराज यांच्याबरोबर व्हायोलिन, चेलो आणि पियानोही त्यात आले. निकामी बंदुकांच्या नळ्या कापून त्यांनी नळतरंग हे नवे वाद्य बनवले. माणसे मारण्यासाठी घडवलेल्या लोखंडातून त्यांनी सूर काढले! रागदारीवर आधारलेल्या नव्या रचना त्यांनी या वाद्यवृंदासाठी बांधल्या. एकल वादनाची परंपरा असलेल्या आपल्या संगीतात अनेकांनी एकदिलाने वाजवण्याचा हा प्रयोग धाडसाचाच होता.

गुरू म्हणून खाँसाहेब अतिशय कडक होते. चूक झाली की हातही उगारत. पण शिकवताना त्यांनी जातधर्म पाहिला नाही. स्वतः नमाज पढणारे खाँसाहेब मैहरच्या शारदामातेचे भक्त होते. पुत्र अली अकबर, कन्या अन्नपूर्णादेवी, रविशंकर, निखिल बॅनर्जी, पन्नालाल घोष हे सारे त्यांचेच शिष्य. अन्नपूर्णादेवींनी तर मुंबईत राहून अनेकांना विद्यादान केले. १९७१ मध्ये खाँसाहेबांना पद्मविभूषण मिळाले आणि ६ सप्टेंबर १९७२ रोजी मैहर येथे त्यांचे देहावसान झाले.

१९१८ हे मैहर बँडचे स्थापनावर्ष धरले, तर २०१८ साली त्याची शंभर वर्षे पुरी झाली. ती पहिली मुले गेली, पण सूर थांबले नाहीत. रविशंकरांची कीर्ती जगभर गेली. त्या मुलांची नावे मात्र फारशी कोणास ठाऊक नाहीत. तरीही खाँसाहेबांच्या थोरवीची साक्ष त्या मुलांइतकी दुसरे कोणी देऊ शकेल, असे मला वाटत नाही.

आपल्या महाविद्यालयातही घरातून पहिल्यांदाच इथवर आलेले कितीतरी विद्यार्थी आहेत. वारसा नाही म्हणून विद्या अडत नाही. ती अडते दार बंद असल्याने. एक वाद्य ज्यांना नाकारले गेले, त्यांनी पोरक्या मुलांच्या हाती अवघा वाद्यवृंद दिला. उद्या आपल्यापैकी जे शिक्षक होतील, त्यांनी एवढे ध्यानी ठेवले तरी पुष्कळ झाले.