विश्लेषण : हाती पेन्सिल देण्याआधी मॉन्टेसरींनी मुलांना अक्षरांवर बोट का फिरवायला लावले?

केजीतल्या मुलांच्या कर्सिव्हच्या वहीवरून आज अनेक घरांत रडारड होते. अक्षरे सलग जोडून लिहायला लहान मूल कसे शिकते, याचा विचार शंभर वर्षांपूर्वी डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी केला होता.

सुरुवात कशी झाली?
इटलीत १८७० मध्ये जन्मलेल्या मारिया १८९६ मध्ये डॉक्टर झाल्या. रोममध्ये गतिमंद मुलांना शिकवताना त्यांनी लाकडी अक्षरे वापरली. त्यातली काही मुले लिहायला-वाचायला शिकून इतर मुलांबरोबर परीक्षाही पास झाली. सगळीकडे कौतुक झाले. मारिया यांना मात्र वेगळाच प्रश्न पडला : मग धडधाकट मुले शाळेत मागे का राहतात?

पद्धत काय होती?
६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. मुलांना लिहायला शिकवा, असा आग्रह आयांनीच धरला. मारिया यांनी सँडपेपरची कर्सिव्ह अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. मूल त्यांवर बोट फिरवत आवाज उच्चारी, त्यातून हाताला वळण कळे. धातूच्या साच्यांची कड गिरवून आत रेघा भरताना पेन्सिलीवर ताबा येई. सुट्या अक्षरांनी शब्द जुळवले जात. तिन्ही कामे वेगवेगळी, त्यामुळे एकदम ओझे पडत नसे.

परिणाम काय झाला?
त्याच डिसेंबरात गच्चीवर एका पाच वर्षांच्या मुलाला त्यांनी खडूने धुराड्याचे चित्र काढायला सांगितले. चित्र झाले आणि त्याने आपणहून जमिनीवर शब्द लिहिला. तोवर त्याने कधीच लिहिले नव्हते. मग बाकीची मुलेही लिहू लागली.

त्यांचे स्वतःचे मूल?
१८९८ मध्ये जन्मलेला मारिओ लग्नाविना झालेला, म्हणून दुसऱ्यांच्या घरी वाढला. जगाच्या मुलांना शिकवणाऱ्या मारिया यांना त्याला उघडपणे आपला म्हणता येत नव्हते. पुढे तोच त्यांचा सहकारी झाला. १९३९ मध्ये दोघे भारतात आले. युद्धात इटली शत्रुराष्ट्र ठरल्याने १९४० मध्ये ब्रिटिशांनी मारिओला अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) छावणीत ठेवले. आईच्या सत्तराव्या वाढदिवशी त्याची सुटका झाली.

आज काय घ्यावे?
६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समध्ये मारिया यांचे निधन झाले. त्यांची पद्धत आजही घरी वापरता येते. अक्षर बिघडले म्हणून पान पुन्हा लिहून घेण्याआधी तेच अक्षर रव्याच्या ताटलीत बोटाने गिरवू द्या. हाताला वाट कळली की पेन्सिल मागून येते.