डॉ. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस

नवीन पनवेलींत, कळंबोली महामार्गाच्या बाजूस, भारतीय भूचुंबकत्व संस्थेची इमारत आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकजण रोज तिच्या जवळून ये-जा करितात; परंतु आंत काय चालतें असें विचारिलें असतां बहुतेकांस उत्तर देतां येत नाहीं. तेथें लोहचुंबक तयार करितात, असें एकानें आम्हांस मोठ्या खात्रीनें सांगितलें! या संस्थेस स्वायत्त रूप १९७१ सालीं मिळालें. तिचें मूळ मात्र याहून पुष्कळ जुनें असून तें मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत आहे. त्या वेधशाळेचे जे पहिले भारतीय संचालक, आणि आपल्या जिल्ह्यांतील अलिबाग येथील चुंबकीय वेधशाळेचे जे जनक, त्या डॉ. नानाभाई मूस यांचें चरित्र यंदा वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. भूचुंबकत्वाचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या विद्वानांस हें नांव सुपरिचित आहे. ज्या जिल्ह्यांत त्यांचें काम उभें आहे तेथेंच तें फारसें कोणाच्या तोंडीं नाहीं, याची आम्हांस चुटपुट लागून राहिली होती.

कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं स्थापन केली, ती ताऱ्यांच्या कौतुकासाठीं नव्हे, तर बंदरांतील जहाजांसाठीं. भर समुद्रांत आपण कोठें आहों हें खलाशास कसें कळावें? अक्षांश सूर्याच्या किंवा ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून निघतात. रेखांश काढावयास खात्रीचें घड्याळ लागे. पृथ्वी चोवीस तासांत एक फेरा पुरा करिते, म्हणजे दर अंशास चार मिनिटें. बंदर सोडतांना जहाजावरील घड्याळ अवघें चार सेकंद चुकीचें लाविलें, तर नकाशावरील जागा मुंबईच्या अक्षांशावर सुमारें पावणेदोन किलोमीटर सरकते. आणि खडकाळ किनाऱ्यापाशीं तेवढा फरक जहाज फोडावयास पुरेसा आहे. म्हणून ताऱ्यांचे वेध घेऊन खरी वेळ ठरविणें व ती बंदरास कळविणें हें वेधशाळेचें पहिलें काम होतें. दुसरें काम होकायंत्रासंबंधीं. होकायंत्राची सुई बरोबर उत्तरेकडे न राहतां किंचित् बाजूस कलते, आणि हा कल वर्षानुवर्षें बदलत जातो. तो मोजण्याचा उपक्रम एल्फिन्स्टन संस्थेचे प्राध्यापक ऑर्लेबार यांनीं १८४१ सालीं आरंभिला आणि १८४६ पासून त्या मोजणीची अखंड नोंद होऊं लागली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनींही त्या दशकांत कांहीं काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला होता, हें मराठी वाचकांस आवर्जून सांगावेंसें वाटतें. कायम संचालकपद मिळविणारे भारतीय मात्र मूस हेच पहिले.

मूस यांचा जन्म १८५९ सालीं एका पारशी कुटुंबांत झाला. योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्याच्या आरंभीं पृथ्वीवर एक प्रचंड चुंबकीय वादळ आलें. सूर्यावर मोठा स्फोट दिसला आणि दुसऱ्याच दिवशीं युरोप-अमेरिकेंतील तारयंत्रें बिघडून गेलीं. कुलाब्यास त्या काळीं स्वयंलेखन करणारें यंत्र नव्हतें. निरीक्षक दुर्बिणींतून चुंबकाचें स्थान वाचून तो आंकडा वहींत लिहून ठेवीत असे. त्या दिवशींच्या वहींत आडव्या चुंबकीय बलाची जी घसरण टिपलेली आहे, ती सुमारें १,६०० नॅनोटेस्ला भरते. एरवीं सबंध दिवसाचा चढउतार पन्नासाच्या आसपास असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या आंकड्याचें भय कळेल. या वहीकडे आपणांस पुन्हा यावयाचें आहे.

मुंबई इलाख्यांतील शिक्षण आटोपल्यावर मूस विलायतेस गेले व एडिंबरो विद्यापीठाची विज्ञानाची पदवी घेऊन परत आले. तेथील रॉयल सोसायटीनें पुढें त्यांस आपलें सदस्यत्व दिलें. कुलाबा वेधशाळेचे संचालक चार्ल्स चेंबर्स हे तीसएक वर्षें काम करून १८९६ सालीं निवर्तले, आणि त्यांच्या जागीं मूस यांची नेमणूक झाली. हें वर्ष कसलें होतें, हें आमच्या वयोवृद्ध वाचकांनीं आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकिलें असेल. त्याच वर्षीं मुंबईंत ग्रंथिज्वराची साथ सुरू झाली आणि लोक घरेंदारें सोडून मिळेल त्या गाडीनें व होडीनें शहराबाहेर पळूं लागले. वेधशाळेच्या कामास सुटी नसते. दिवस मंगल असो वा अमंगल, तासातासाची नोंद व्हावीच लागते, कारण चुकलेला तास पुन्हा कोणासही मोजतां येत नाहीं. १८९८ सालीं मूस यांच्या कारकीर्दींतच तेथें भूकंपमापक यंत्रही बसलें.

आतां आम्ही या चरित्रांतील मुख्य प्रसंगाकडे येतों. मुंबईच्या रस्त्यांत १८७४ पासून घोड्यांची ट्राम धांवत असे. विसाव्या शतकाच्या आरंभीं ती विजेवर चालविण्याचें ठरूं लागलें. सर्व शहरास हर्ष झाला. वेधशाळेवर मात्र संकट ओढवलें. ट्रामचा वीजप्रवाह डोक्यावरील तारेंतून गाडींत उतरतो व रुळांवाटे परत जातो. रूळ जमिनींत रुतलेले असल्यामुळें त्यांतील कांहीं प्रवाह मातींत पाझरतो, आणि जेथें प्रवाह तेथें चुंबकत्व हा तर आमच्या वरच्या वर्गांतील मुलांचा शिकलेला नियम आहे. चुंबकीय बलाचा सहस्रांशाहूनही लहान फेरफार टिपणाऱ्या नाजुक सुयांना गाडीगणिक हिसके बसूं लागले असते. लंडनजवळील क्यू वेधशाळेवरही हाच प्रसंग आला, व तिचें चुंबकीय काम दूर स्कॉटलंडांत एस्कडेलम्यूर येथें न्यावें लागलें.

शहरानें ट्राम घेऊं नये असें म्हणणें शक्य नव्हतें व योग्यही नव्हतें. लाखों लोकांची सोय एका सुईसाठीं अडवितां येत नाहीं. परंतु वेधशाळा हलवावयाची म्हणजे काय, हें तरी किती जणांस ठाऊक होतें? पृथ्वीचें चुंबकत्व प्रत्येक ठिकाणीं निराळें असतें. यंत्र उचलून दुसरीकडे ठेविलें कीं नव्या आंकड्यांचा जुन्या आंकड्यांशीं संबंध तुटला. १८४६ पासूनची पन्नासाहून अधिक वर्षांची साखळी, कित्येक निरीक्षकांचें आयुष्य जिच्यांत गेलें होतें ती, एका क्षणांत निरुपयोगी होण्याची वेळ आली होती.

मूस यांनीं शोधिलेली जागा ट्रामच्या प्रवाहाची झळ पोहोंचणार नाहीं इतकी दूर, आणि तरी कुलाब्याचेच चढउतार तेथें दिसावेत इतकी जवळ होती. मुंबईच्या दक्षिणेस सुमारें तीस किलोमीटरांवरील अलिबाग ती होय. आपल्या कोंकणांत बांधकामास काळ्या फत्तराची काय उणीव! परंतु सह्याद्रीच्या या दगडांत लोहाचे चुंबकीय कण असतात, आणि अशा दगडाच्या भिंतींत बसविलेली सुई भिंतीसच ओढली जावयाची. म्हणून पोरबंदरचा दगड आणविण्यांत आला. तो निर्दोष आहे अशा ख्यातीवर विसंबून न राहतां बांधकामाचें साहित्य चुंबकत्वासाठीं तपासून मगच वापरण्यांत आलें. बिजागऱ्या, कड्या व खिळे लोखंडाऐवजीं तांब्यापितळेचे घातले. उष्णतेनें चुंबकाचें बल कमीजास्त होतें, याकरितां आंतल्या खोलीस दिवसाचें ऊनपाणी जाणवूं नये अशी रचना केली. तेथें एक बारीक चुंबक धाग्यास टांगलेला असून त्यास चिमुकला आरसा जोडिलेला असतो. आरशावरून परावर्तन पावलेला प्रकाशकिरण घड्याळाच्या गतीनें फिरणाऱ्या छायाचित्रणाच्या कागदावर पडतो आणि रात्रंदिवस एक रेघ ओढीत राहतो.

घर उभें राहिलें, तरी मूस यांनीं कुलाब्याचें काम लगेच बंद केलें नाहीं, आणि आमच्या मतें त्यांची खरी थोरवी येथें आहे. १९०४ पासून १९०६ पर्यंत, दोन वर्षें, कुलाबा व अलिबाग येथील यंत्रें एकाच वेळीं चालूं ठेविलीं. एकाच तासास दोन्हीकडे काय दिसतें, त्यांत ठराविक फरक किती, ऋतु पालटला म्हणजे तो पालटतो काय, हें सर्व ताडून पाहिलें. नवें साधन विश्वासास पात्र ठरलें तेव्हांच जुनें थांबविलें. १९०७ च्या मे महिन्यांत विजेची ट्राम मुंबईंत धांवली, तोंवर साखळीचा पुढचा दुवा अलिबागेस पक्का बसला होता. आजही उपग्रहाच्या साह्यानें स्थान दाखविणारें नवें यंत्र तपासतांना तें प्रथम अशा खुणेवर ठेवितात कीं जिचे अक्षांश-रेखांश अगोदरच काटेकोर मोजलेले आहेत, आणि यंत्र काय सांगतें व खूण काय आहे यांतील अंतर दिवसचे दिवस लिहून घेतात.

यानंतर मूस यांनीं आपल्या आयुष्यांतील सर्वांत कष्टाचें काम तडीस नेलें. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदी एकत्र करून, त्यांची छाननी करून, त्यांचे दोन मोठे ग्रंथ त्यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केले. साठ वर्षांचे तास मोजले तर ते सवापांच लाखांच्या वर भरतात. गणकयंत्रें नसतां, लेखणी व कोष्टकें एवढ्यांच्या बळावर, हे आंकडे जुळविले गेले. एका पानाच्या बेरजेस कंटाळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं याची कल्पना करून पाहावी. दुसऱ्या ग्रंथांत मूस यांनीं या आंकड्यांचा अर्थ लाविला. प्रत्येक चुंबकीय वादळ वेगळें दिसतें. पण अनेक वादळें त्यांच्या आरंभाचा क्षण एकावर एक ठेवून मांडलीं व त्यांची सरासरी घेतली, तेव्हां सर्वांच्या पोटीं एकच आकृति असल्याचें त्यांस दिसून आलें. आडवें बल आरंभीं एकाएकीं वाढतें, कांहीं तासांनीं खोल उतरतें, आणि मग कित्येक दिवस हळूहळू पूर्वपदावर येत राहतें. इंग्लंडांतील सिडनी चॅपमन यांनीं पुढें हीच रीत वापरून वादळांचें शास्त्र वाढविलें.

विद्यार्थ्यांनो, या वादळांशीं आपला काय संबंध, असें तुम्हांस वाटेल. तुमच्या वडिलांच्या खिशांतील दूरध्वनि रस्ता दाखवितो, तो सुमारें वीस हजार किंवा त्याहून अधिक किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांच्या संदेशांवरून. जहाजांचीच युक्ति येथें आहे. उपग्रहावर अतिसूक्ष्म वेळ दाखविणारें आण्विक घड्याळ असतें. संदेश निघाल्याची व पोहोंचल्याची वेळ यांवरून अंतर काढितात. कुलाब्याच्या काळीं चार सेकंदांची चूक घातक होती. येथें एका सेकंदाचा दशलक्षांश चुकला तरी तीनशें मीटरांची चूक होते. आणि हा संदेश वाटेंत आयनांबरांतून येतो. हवेच्या त्या विरळ, विद्युद्भारित थरांत त्यास विलंब लागतो, आणि चुंबकीय वादळ आलें कीं तो विलंब बेभरंवशाचा होतो. भारतासारख्या विषुववृत्ताजवळच्या देशांत तर सूर्यास्तानंतर त्या थरांत पोकळ्या उठून संदेश चांदणीसारखा लुकलुकूं लागतो. म्हणून आपल्या नाविक उपग्रहांतून दोन निरनिराळ्या वारंवारतांचे संदेश सोडितात. दोघांचा विलंब वेगवेगळा असल्यामुळें त्यावरून मूळ विलंब किती हें काढितां येतें. विमानांसाठींच्या गगन योजनेंत देशभर ठरलेल्या जागीं केंद्रें ठेवून चूक मोजतात व ती भूस्थिर उपग्रहावाटे विमानास कळवितात. २०२२ च्या फेब्रुवारींत एका साध्याच वादळानें वरची हवा तापून फुगली, आणि स्टारलिंकच्या नुकत्याच सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकीं बहुतेक खालीं येऊन जळून गेले. २०२४ च्या मे महिन्यांतील मोठ्या वादळांत तर अमेरिकेंतील शेतकऱ्यांचे उपग्रहांच्या आधारें चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणींत वाट चुकूं लागले.

असो. मूस सुमारें तेवीस-चोवीस वर्षें संचालकपदावर राहून निवृत्त झाले व १९३६ सालीं मुंबईच्या या थोर पुत्राचें निधन झालें. उपग्रह हा शब्द त्यांनीं केवळ चंद्रासाठींच ऐकला असेल.

त्या जुन्या वहीची गोष्ट राहिली. १८५९ च्या वादळाचा खरा जोर किती होता, हें पुढील काळच्या शास्त्रज्ञांस नीट सांगतां येत नव्हतें, कारण बहुतेक ठिकाणचीं यंत्रें त्या वेळीं मापाबाहेर गेलीं होतीं. २००३ सालीं आपल्या भूचुंबकत्व संस्थेंतील व परदेशांतील संशोधकांनीं मिळून कुलाब्याचे ते हातानें लिहिलेले आंकडे पुन्हा तपासले, आणि उपग्रहांवर येऊं शकणाऱ्या अति भयंकर वादळाचें माप म्हणून ते आज जगभर घेतले जातात. अलिबागेची रेघही थांबलेली नाहीं. दक्षिणेस तिरुनेलवेलीच्या बाजूस विषुववृत्तीय आयनांबरांतून दिवसा जो विजेचा प्रचंड झोत वाहतो, त्याचा जोर काढावयाचा तर तेथील चुंबकीय आंकड्यांतून अलिबागेचा आंकडा वजा करितात. मग जी बाकी उरते, ती झोताची.