चित्रावर बोट ठेवणारा माणूस

बँकेत शेतीकर्जाचे काम पाहताना माझी काही वर्षे आरमोरीच्या बाजूला, वैनगंगेच्या काठी गेली. एकदा पंपासाठी कर्ज मागायला एक म्हातारा शेतकरी आला. त्याला अक्षरओळख नव्हती. मी पुढे केलेल्या माहितीपत्रकातल्या पंपाच्या चित्रावर बोट ठेवून तो बराच वेळ बसला आणि पाणी आत नेमके कुठून शिरते, असे त्याने विचारले. फूटव्हॉल्व्ह समजावून सांगताना माझीच दमछाक झाली. निवृत्तीनंतर योहान श्रेक या जर्मन पंडिताविषयी वाचताना तो म्हातारा मला सारखा आठवत होता.

श्रेकचा जन्म १५७६ सालचा, दक्षिण जर्मनीतला. वैद्यक, गणित, वनस्पती, खगोल, सगळ्यांतच त्याला गती. १६११ साली रोमच्या लिन्चेई विद्वत्सभेने गॅलिलिओला सभासद करून घेतले आणि पाठोपाठ श्रेकलाही. त्याच वर्षी सारे मानसन्मान मागे ठेवून तो जेझुइट संघात दाखल झाला. चीनला जायचे म्हणून त्याने निकोलस त्रिगो या धर्मगुरूबरोबर युरोपात हिंडून ग्रंथ आणि उपकरणे जमवली.

१६१८ च्या एप्रिलमध्ये त्यांचे जहाज लिस्बनहून निघाले. वाटेत साथ पसरून काही सोबती दगावले. ऑक्टोबरात जहाज गोव्याला लागले आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत श्रेक तिथेच राहिला. आपल्याकडच्या झाडापाल्याचा त्याने अभ्यास केला. मराठी ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर स्टीफन्स तेव्हा गोव्यातच आयुष्याची अखेर कंठीत होते. त्यांचा ग्रंथ १६१६ साली रायतूरला रोमन अक्षरांत छापून झाला होता. म्हणजे मराठीला छापखाना भेटला होता. पण यंत्रांची चित्रे आपल्या भाषेत उतरली नाहीत. ती पुढे गेली.

कारण पुढे विचारणारा माणूस होता. वांग झेंग हा चिनी अधिकारी स्वतः यंत्रे जुळवीत बसणारा. १६२६-२७ च्या हिवाळ्यात पेकिंगमध्ये त्याने श्रेकला गाठले आणि पाश्चात्त्य यंत्रांची चित्रे पाहायला मागितली. श्रेकने बजावले, की आधी गणित आणि मापन समजून घ्यावे लागेल. वांग शिकला. मग श्रेक तोंडी सांगे आणि वांग चिनीत उतरवी. १६२७ साली ग्रंथ सिद्ध झाला. त्याच्या नावाचा अर्थ, दूरच्या पश्चिमेतील अद्भुत यंत्रांची सचित्र निवड. तरफ, कप्पी, मळसूत्र यांची तत्त्वे आधी आणि रामेली, बेसाँ, झोंका यांच्या ग्रंथांतून घेतलेली चित्रे नंतर. पाणी उपसणारी, ओझी उचलणारी, दळणारी, लाकूड चिरणारी यंत्रे.

वांगची निवड पाहून माझ्यातला जुना बँकवाला खूश झाला. लोकांच्या रोजच्या उपयोगाचे नाही ते त्याने गाळले. करायला अवघड किंवा खर्चिक, तेही गाळले. कर्जाच्या अर्जांची छाननी आम्ही तरी याहून वेगळी काय करीत होतो? चिनी चित्रकारांनी आपल्या पद्धतीने चित्रे काढताना काही दातेचक्रांची जोडणी अस्पष्ट झाली हे खरे. तरीही अठराव्या शतकात हा ग्रंथ बादशाही ग्रंथसंग्रहांत मानाने समाविष्ट झाला.

श्रेकच्या वाट्याला शेवटी पंचांगाचे काम आले. ग्रहणाच्या गणितासाठी गॅलिलिओकडून त्याला मदत मिळाली नाही, केप्लरने मात्र लांबलचक उत्तर लिहिले. १६२९ च्या जूनमधल्या सूर्यग्रहणाचे जेझुइटांचे गणित दरबारी ज्योतिष्यांपेक्षा अचूक ठरले आणि पंचांगसुधारणा त्यांच्याकडे आली. पण वर्षभरातच, मे १६३० मध्ये, श्रेक पेकिंगला वारला.

ज्ञानाच्या पेट्या वाहणारे थोर असतातच. पण पेटी उघडते ती कुणीतरी चित्रावर बोट ठेवून विचारतो तेव्हा. आमच्या म्हाताऱ्याचे कर्ज मंजूर झाले. त्याच्या प्रश्नाचे मोल मला समजायला मात्र निवृत्त व्हावे लागले.