रॉजर विल्यम्स आणि त्यांचे ऱ्होड आयलंड

वाचकहो, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा उघडलात तर ऱ्होड आयलंड हे राज्य शोधण्यास आपणास थोडे कष्ट पडतील. पन्नास राज्यांत ते सर्वांत लहान. क्षेत्रफळाने आपल्या गोव्याहूनही कमी. त्याच्या शुभ्र ध्वजावर जहाजाचा सोनेरी नांगर आहे आणि त्याखाली एकच शब्द, आशा. इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय आपणास आठवल्यावाचून राहणार नाही. हे राज्य एका हद्दपार केलेल्या उपदेशकाने वसवले आहे. त्याचेच हे चरित्र.

रॉजर विल्यम्स यांचा जन्म १६०३ च्या सुमारास लंडनमधील एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. पोरवयातच त्यांनी लघुलेखन आत्मसात केले आणि प्रख्यात न्यायाधीश सर एडवर्ड कोक यांच्यासाठी ते टिपणे घेऊ लागले. कोक यांच्याच आश्रयाने त्यांचे शिक्षण झाले व १६२७ मध्ये त्यांनी केंब्रिजची पदवी घेतली. पुढे धर्माच्या बाबतीत राजा आणि बिशप यांचा जाच वाढला, तेव्हा १६३० च्या डिसेंबरात पत्नी मेरी हिच्यासह ते जहाजात बसले आणि फेब्रुवारी १६३१ मध्ये मॅसॅच्युसेट्सला पोहोचले.

बोस्टनच्या मंडळीने त्यांना मोठ्या आदराने शिक्षकपद देऊ केले; त्यांनी ते नाकारले. ही मंडळी चर्च ऑफ इंग्लंडपासून उघडपणे विभक्त झालेली नाही, एवढेच कारण. हा ताठरपणा सर्वांनाच रुचेल असे नाही. पण पुढे सेलम येथे ते जे बोलू लागले ते केवळ ताठरपणाचे नव्हते. ही भूमी मूळ रहिवाशांची आहे, तेव्हा इंग्लंडचा राजा ती सनदेने कोणास देऊच शकत नाही, असे ते म्हणत. दहा आज्ञांपैकी ज्या आज्ञा मनुष्याच्या देवाशी असलेल्या नात्याविषयी आहेत, त्या मोडल्याबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार सरकारला नाही, असेही ते शिकवीत. सक्तीने करविलेली उपासना देवाला ओंगळ वाटते, हे त्यामागचे कारण. म्हणजे राजसत्तेला त्यांनी मंडळीबाहेर ठेवले, ते मंडळीचे पावित्र्य राखावे म्हणून. हे आपण विसरू नये.

ऑक्टोबर १६३५ मध्ये त्यांना हद्दपारीची शिक्षा झाली. गप्प राहिल्यास वसंत ऋतूपर्यंत मुदत होती. ते गप्प राहिले नाहीत. जानेवारी १६३६ मध्ये त्यांना पकडून जहाजात घालण्यास माणसे आली, तेव्हा ते बर्फातून निघून गेलेले होते. त्या कडाक्याच्या हिवाळ्यात त्यांना कोणी जगविले? ज्यांना त्यांचे देशबांधव रानटी म्हणत, त्या वांपनोग लोकांनी. पूर्वी प्लिमथला असताना विल्यम्स यांनी त्यांच्या धुराने कोंदलेल्या झोपड्यांत बसून त्यांची भाषा शिकून घेतली होती. ती आता कामी आली.

त्याच वर्षी नॅरगॅन्सेट लोकांचे प्रमुख कॅनोनिकस आणि मिॲन्टोनोमी यांच्या संमतीने जागा घेऊन त्यांनी एक वस्ती उभारली आणि तिला प्रॉव्हिडन्स, म्हणजे देवाची तरतूद, हे नाव दिले. बहुमताचा निर्णय सर्वांनी पाळायचा, पण तो केवळ ऐहिक बाबींत, असा तेथला करार होता. त्याची कसोटी लवकरच लागली. जोशुआ व्हेरिन नावाचा रहिवासी आपल्या पत्नीला उपासनेस जाण्यास मज्जाव करी. नवऱ्याचा तो हक्कच, असे काहींचे म्हणणे होते. परंतु १६३८ मध्ये गावाने व्हेरिनचाच मताधिकार काढून घेतला. सतराव्या शतकात एका स्त्रीच्या विवेकबुद्धीची एवढी बूज राखली गेली, हे मला त्या राज्याच्या इतिहासातील फार मोलाचे पान वाटते.

अमेरिकेतील पहिली बाप्टिस्ट मंडळी त्यांच्याच पुढाकाराने प्रॉव्हिडन्सला स्थापन झाली. काही महिन्यांतच ते तिच्यातून बाहेर पडले आणि मग कोणत्याच मंडळीत स्थिरावले नाहीत.

१६४३ मध्ये वसाहतीसाठी सनद मिळविण्यास ते इंग्लंडला गेले. त्या वाटेवर त्यांनी नॅरगॅन्सेट भाषेवरील आपले पुस्तक सिद्ध केले. भाषांतराचे काम करणाऱ्याने त्याची मांडणी अवश्य पाहावी. आरंभ होतो तो अभिवादनाने. मग खाणेपिणे, निद्रा, प्रवास, ऋतू, व्यापार, आजार, मृत्यू. धर्माचा अध्याय बराच पुढे येतो. आधी माणसाला नमस्कार करायला शिकावे, त्याच्या चुलीपाशी बसावे, हा त्यांचा क्रम. मनात आणते तर त्यांना पुष्कळांचा बाप्तिस्मा करता आला असता. मनापासूनच्या पश्चात्तापाविना दिलेला बाप्तिस्मा त्यांना मान्य नव्हता.

१६४४ मध्ये सनद मिळाली. त्याच वर्षी धर्मछळाविरुद्धचा त्यांचा ग्रंथ संसदेने जाळावयास लावला. १६५१ मध्ये त्यांना पुन्हा इंग्लंडला जावे लागले. त्या खर्चासाठी त्यांनी आपली भरभराटीची व्यापारी वखार विकून टाकली. अखेर १६६३ च्या राजसनदेत धर्मस्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत नमूद झाले. बोस्टनमध्ये १६५९ ते १६६१ या काळात चार क्वेकरांना फाशी दिले गेले. ऱ्होड आयलंडने मात्र शेजाऱ्यांचा दबाव असूनही त्यांना हाकलले नाही. न्यूपोर्टमध्ये यहूदीही येऊन राहिले. गंमत अशी की क्वेकरांची शिकवण विल्यम्स यांना मुळीच पटत नव्हती. १६७२ मध्ये सत्तरीच्या उंबरठ्यावर ते स्वतः होडी वल्हवीत न्यूपोर्टला गेले आणि त्यांच्याशी कित्येक दिवस वाद घातला. कायदा मात्र त्यांनी मागितला नाही.

परंतु वाचकहो, चरित्र लिहावे तर पूर्ण लिहावे. १६७५ मध्ये इंग्रज वसाहती आणि मूळ रहिवासी यांच्यात भीषण युद्ध पेटले. मार्च १६७६ मध्ये प्रॉव्हिडन्स जळाले. विल्यम्स यांचे घरही राख झाले. त्यानंतर पकडलेल्या मूळ रहिवाशांना गुलामीत विकण्याची व्यवस्था करणाऱ्या समितीत त्यांचे नाव आढळते. ज्यांनी बर्फात आसरा दिला त्यांचीच ही भावंडे. या गोष्टीचे समर्थन करता येत नाही. १६८३ च्या आरंभी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात राज्याची भरभराट झाली ती समुद्रामुळे. काकवीपासून रम गाळावी, ती आफ्रिकेस न्यावी, तिच्या बदल्यात माणसे विकत घ्यावीत, असा तो व्यापार. तेथील जहाजांनी नऊशेहून अधिक सफरींत एक लाखाच्या वर आफ्रिकी माणसे वाहून नेली. दहा वर्षांहून अधिक काळ कोणास दास ठेवू नये, असा ठराव १६५२ मध्ये प्रॉव्हिडन्स व वॉरविक या गावांनी केला होता. तो कागदावरच राहिला. पुढे १७९० मध्ये पॉटकेट येथे सॅम्युएल स्लेटर यांनी पाण्याच्या शक्तीवर सूत कातण्यास आरंभ केला आणि राज्य गिरण्यांचे झाले. त्या गिरण्यांना कापूस मात्र दक्षिणेतील गुलामांच्या मळ्यांतून येई.

ज्या मॅसॅच्युसेट्सने विल्यम्स यांना घालविले, तेथीलच काँग्रिगेशनल परंपरेतून अमेरिकन मराठी मिशन आपल्याकडे आले. गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईस उतरले, तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये मंडळीला सरकारी आधार होता. तो १८३३ मध्ये संपला. विल्यम्स यांची हद्दपारी तेथील विधिमंडळाने १९३६ मध्ये रद्द केली.

राज्याचे अधिकृत नाव दीर्घकाळ ऱ्होड आयलंड आणि प्रॉव्हिडन्स प्लँटेशन्स असे होते. विल्यम्स यांच्या काळी प्लँटेशन म्हणजे नुसती वसाहत. परंतु शब्दांचे अर्थ काळाबरोबर सरकतात. या शब्दाला पुढे गुलामांच्या मळ्यांचा वास चिकटला. २०१० मध्ये मतदारांनी तो राखला, २०२० मध्ये काढून टाकला. प्रॉव्हिडन्स हे राजधानीचे नाव तसेच आहे.