चाकांचा ध्यास घेतलेला माणूस : वालचंद हिराचंद

धुळ्याहून नाशिककडे निघाले की मालेगाव लागते. त्याच तालुक्यात रावळगाव आहे. त्या गावची गोळी आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी चघळलेली असेल. परंतु ज्या पुरुषाने १९३३ साली तेथे साखरेचा उद्योग उभारला, त्यानेच पुढे या देशात मोटारींचा कारखाना काढला, हे किती जणांना ठाऊक असते?

वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, एका व्यापारी जैन कुटुंबात झाला. मुंबई-पुण्यास शिकून पदवी न घेताच ते घरच्या धंद्यात आले. सावकारी व कापसाच्या पेढीत मात्र त्यांचे मन रमेना. फाटक नावाच्या माजी रेल्वे कारकुनाशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे कंत्राट घेतले. पुढे भोर घाटातील बोगदे खोदले, १९१९ साली सिंदिया कंपनीद्वारे इंग्रज जहाज कंपन्यांना आव्हान दिले आणि १९४० च्या डिसेंबरात बंगळुरास विमानांचा कारखाना सुरू केला.

मोटारीची कथा मात्र अधिक कष्टाची आहे. विश्वेश्वरय्यांनी परदेशांत हिंडून मोटार कारखान्याची योजना आखली होती. वालचंदांनी ती उचलून धरली व अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. पण परक्या सरकारने ना संरक्षण दिले, ना लष्करासाठी गाड्या घेण्याची हमी. आपली बाजारपेठ विलायती गाड्यांसाठी राखून ठेवण्याचाच तो डाव होता, असे वालचंदांचे ठाम मत होते. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लायमाउथ गाड्या बाहेर पडू लागल्या.

सुरुवातीस ही जुळणीच होती. सुटे भाग परदेशचे, हात आपले. ते भागही येथेच घडावेत ही त्यांची तळमळ होती. परंतु आजारपणाने त्यांना गाठले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर आली फियाट, म्हणजेच आपली पद्मिनी. १,०८९ सी. सी. चे छोटे इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर आणि कोणत्याही गॅरेजमध्ये होणारी दुरुस्ती! लग्नाच्या वरातीपासून मुंबईच्या टॅक्सीपर्यंत ती धावली. मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून तिने निरोप घेतला तो २०२३ साली. परंतु दोषही सांगितला पाहिजे. गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. म्हणून गाडीत सुधारणा करण्याची निकडच कोणास वाटली नाही. स्पर्धा येताच ती मागे पडली.

ज्या माणसाने मक्तेदारीशी झुंजत कारखाना उभारला, त्याच कारखान्याला पुढे स्पर्धेच्या अभावाने सुस्ती यावी, हा केवढा दैवदुर्विलास! वारसा नुसता सांभाळून टिकत नाही. तो रोज नव्याने घडवावा लागतो. वालचंदांच्या चरित्रातून आपण एवढे घेतले तरी पुष्कळ झाले.